अर्धा रंगवलेला बंगला

दिगंबर नाबर आमच्या फाटकाबाहेर पावसात उभे होते आणि बंगल्याकडे बघत होते. बराच वेळ नुसतेच बघत होते. त्यांच्या डोक्यावर छत्री धरणारी गार्गी नावाची सहायक मुलगी स्वतः मात्र नखशिखान्त भिजली होती. मी दोघांच्या मागे, श्वाससुद्धा बेताने घेत उभा होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला.

"एलिया, ते गृहस्थ आत येणार आहेत, की तिथूनच जाणार? चहा टाकून बसलेय मी."

मी धावत खिडकीशी गेलो. "आई, हळू. ते दिगंबर नाबर आहेत."

"कळलं. सकाळपासून तेच सांगतोयस. पण दिगंबर नाबर झाले तरी भिजलं की सर्दी होणारच ना?"

नाबरांचं नाव आता नव्या मुलांना सांगावं लागतं. त्या काळी पाचगणीच्या बाजारातसुद्धा ते लोकांना ठाऊक होतं. त्यांचे सिनेमे परदेशात बक्षिसं मिळवत आणि आपल्याकडे जेमतेम आठवडाभर चालत. त्यांच्या सिनेमात कुणी पेल्यात पाणी ओतायला लागलं, की पेला भरेपर्यंत आपण बघत बसायचं. मी एका बोर्डिंग शाळेत चित्रकला शिकवत होतो, लग्न झालेलं नव्हतं, आणि नाबरांचा प्रत्येक सिनेमा पुण्याला जाऊन निदान दोनदा बघत होतो. अशा माणसाने भयपट करायला घेतलाय, 'राखेची खोली' असं त्याचं नाव आहे आणि त्यासाठी डोंगरावरचं जुनं घर शोधणं चाललंय, असं मी एका मासिकात वाचलं. ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याची वाट आमच्या चर्चच्या मंडळीत सगळेच बघत असतात. मी त्याच्या जोडीने 'राखेची खोली'चीही बघायला लागलो. मग एक दिवस धीर करून आमच्या बंगल्याचा फोटो त्यांना पाठवून दिला, आणि म्हणून हे आज फाटकात उभे होते.

बंगला मूळचा एका पारशी बाईंचा. उतरत्या छपराचा, कमानदार खिडक्यांचा, भोवती सिल्व्हर ओकची उंच झाडं. पण बघणाऱ्याची नजर ठरायची ती दर्शनी भिंतीवर. दाराच्या डाव्या अंगाला भिंत पांढरी आणि खिडक्या गडद हिरव्या. उजव्या अंगाला रंग नव्हताच. पावसाळ्यांनी काळा पडलेला गिलावा, त्यावर शेवाळ, आणि खिडक्यांवर चढलेली जंगली वेल. मधोमध, वरपासून खालपर्यंत, रंग जिथे थांबला होता तिथली वाकडीतिकडी कड. अर्धा चेहरा धुतलेल्या माणसासारखं आमचं घर दिसायचं.

नाबर शेवटी आत आले, चहा घेतला, आणि आईला म्हणाले, "बाई, एक विचारू? घर अर्धंच का रंगवलंय?"

आई बशीत बिस्किटं मांडत होती. "ह्यांनी रंगवायला घेतलं होतं. राहून गेलं."

"राहून गेलं," नाबर हळूच म्हणाले. गार्गीकडे बघून त्यांनी मान हलवली. तिने पिशवीतून टिपणवही काढली. आई म्हणाली, "बिस्किट घ्या ना, मऊ पडतील."

निघताना त्यांनी मला फाटकाशी बाजूला घेतलं.

"भांबळ, ह्या घराला हात लावायचा नाही. एक पान तोडायचं नाही, एक कोळिष्टक झाडायचं नाही. असं घर मी कोकणापासून उटीपर्यंत शोधलं. दसरा झाला की येतो." मग जीपमध्ये पाय ठेवता ठेवता म्हणाले, "तुम्ही चित्रं काढता ना? कलाविभागात माणूस लागेल मला. इथलं झाल्यावर मुंबईला याल?"

मी हो म्हणालो की नुसतीच मान हलवली, ते आठवत नाही. जीप वळणाआड गेल्यावरही मी मान हलवत होतो, असं आई पुढे कितीतरी जणांना सांगायची.

"काय म्हणाले रे?" तिने विचारलं.

आता आईला काय सांगायचं? तुझं घर भुताला शोभेल असं आहे म्हणून त्यांना आवडलंय? मी म्हटलं, "फार आवडलं त्यांना घर. काही करू नका म्हणाले. आहे तसंच राहू दे."

"पाहुणे तसंच म्हणतात," आई म्हणाली आणि कपबशा विसळायला घेऊन गेली.

बातमी त्या दिवशीच बाजारात पोचली. बेकरीवाला मला पाव देताना विचारू लागला, "मास्तर, भूत बाईचं आहे की पुरुषाचं?" रविवारी उपासना संपल्यावर आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड आढाव, आईला गाठून गंभीरपणे म्हणाले, "करुणाबाई, ख्रिस्ती घरात भुताखेतांचा सिनेमा? मंडळी काय म्हणेल?" आईने त्यांना सांगितलं, की दिग्दर्शक फार सभ्य गृहस्थ आहेत, बूट बाहेर काढून आत आले.  पुढच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, "एलिया, त्या सिनेमात दफनविधी वगैरे असेल, नाही का? म्हणजे आपली गायक मंडळी तयार असलेली बरी." आणि त्यांनी बुधवारच्या तालमी सुरू केल्या.

आईला मात्र सिनेमाबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "गोष्ट काय आहे तरी?"

"एक बाई असते. मोठ्या घरात एकटी."

"मग?"

"मग काही नाही. भीती वाटते."

"तिला?"

"तिला नाही. तिची."

आईने घेवड्याची शेंग मोडली, दोरा ओढून टाकला. "तिची कशाला?" ती म्हणाली.  सिनेमाच्या शास्त्राप्रमाणे उत्तर फार लांब होतं.

त्यानंतर मला घरात छोटे छोटे बदल दिसू लागले. उजव्या अंगाची बैठकीची खोली आम्ही वापरत नव्हतो. तिच्या खिडक्या एका सकाळी उघड्या दिसल्या. "नुसता वारा लागू दे," आई म्हणाली. मग तिथल्या वडिलांच्या बाजावर, म्हणजे पेटीवर, घातलेली चादर धुऊन वाळत पडलेली दिसली. मी कुरकुरलो. ती म्हणाली, "तुझे ते साहेब कोळिष्टकं मोजून गेलेत का?" मला हसू आलं, आणि तेवढं चालेल असं मी स्वतःला समजावलं. मनाने मी तेव्हा मुंबईतच होतो. कलाविभागात नाबरांच्या शेजारी उभा राहून राखाडी रंगाच्या छटांबद्दल बोलत होतो.

सप्टेंबरच्या शेवटी चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आल्या आणि मुलांना घेऊन मी वाईला गेलो. परतताना एस.टी.त पाचगणीचाच कंडक्टर भेटला. तिकीट फाडताना तो म्हणाला, "मास्तर, बंगला झकास झाला हां. वळणावरनंच दिसतोय."

"काय झाला?"

"बंगला. पार उजळला."

पसरणीचा घाट त्या दिवशी इतका लांब कसा झाला, कोण जाणे. मी थांब्यावर उतरून जवळजवळ पळतच निघालो.

बंगला पिवळा झाला होता. आमरसासारखा पिवळा. डावं अंगही आणि उजवंही. खिडक्या पांढऱ्याशुभ्र. वेल मुळापासून काढून अंगणात रचून ठेवली होती. शेवाळाचं नाव नव्हतं. वरच्या मजल्याच्या शेवटच्या खिडकीशी शिडी लावून इस्माईलभाई रंगारी हात फिरवत होता, आणि खाली आई होती. पदर खोचून, दोन्ही हातांनी शिडी धरून उभी.

"बाई, आता सोडा," इस्माईलभाई वरून म्हणत होता. "सकाळपासून धरून उभ्या आहात. तीस वर्षं शिडीवर काढली, कधी पडलो नाही."

"तुम्ही रंगवा," आई म्हणाली. "तो कोपरा राहिला बघा."

माझे वडील घरच्या ह्याच शिडीवरून पडून वारले होते. ते शाळेत संगीत शिकवत, चर्चमध्ये बाजा वाजवत, आणि मे महिन्याच्या सुटीत घर स्वतः रंगवायचं असा त्यांनी हट्ट धरला होता. डावं अंग झालं. उजवीकडे शिडी लावली त्या दुपारी आई मुलींच्या वसतिगृहात होती, तिथे ती मेट्रन होती. मी पुण्याला शिकत होतो. शिडी धरायला घरात कुणी नव्हतं. पुढे कितीजणांनी आईला सांगितलं, की उरलेला रंग मारून घ्या, घर बरं दिसत नाही. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. उजव्या अंगाकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो. तिथे बघत राहणारे पहिले गृहस्थ म्हणजे दिगंबर नाबर.

"आई," मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"आलास? हात लाव जरा, माझे खांदे भरून आलेत."

मी शिडी धरली. दुसरं काय करणार होतो?

"त्यांनी सांगितलं होतं, आहे तसंच राहू दे म्हणून."

"अरे, सगळा महाराष्ट्र बघणार आपलं घर. अर्ध्या रंगाच्या घरात बोलवायचं का लोकांना?" ती पदराने कपाळ पुसत म्हणाली. चेहऱ्यावर पिवळे शिंतोडे होते. "आधी तो पूर्वीचाच हिरवा आणायला गेले होते. दुकानात उभी राहिले, डबा हातात घेतला, आणि मग म्हटलं, करुणा, हा हिरवा तुला पहिल्यापासून आवडत नव्हता. त्यांना सांगायचा धीर झाला नाही कधी. इतके खूश होते ते." ती हसली. "हा बरा आहे ना?"

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. "बरा आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी मी बाजारातल्या बूथवरून मुंबईला फोन लावला. गार्गीने उचलला. खरखर फार होती.

"रंगाबद्दल सांगायचं होतं," मी ओरडलो.

"रंगाची काळजी करू नका," ती ओरडली. "आमच्याकडे सगळं सामान आहे!" आणि फोन कटला. परत लावला नाही. सरांनी बघितल्यावर कदाचित त्यांनाही आवडेल, अशी एक वेडी आशा मनात ठेवून मी घरी आलो.

दसरा झाल्यावर ते आले. दोन ट्रक, एक बस आणि पुढे जीप. वाटेवर बेकरीवाला, कंडक्टर, शाळेची पोरं आणि चांगल्या कोटात पाळकसाहेब, पाठीमागे गायक मंडळी. नाबर जीपमधून उतरले आणि त्यांनी बंगल्याकडे बघितलं. ह्या वेळी फार वेळ बघावं लागलं नाही.

आई नवं लुगडं नेसून पायरीवर उभी होती. "सलाम, साहेब," ती म्हणाली. "आता बघा."

 त्यांच्या सिनेमात असायची तसली शांतता पसरली, आणि मी ती पहिल्यांदाच आवडीने बघत नव्हतो.

"भांबळ," अखेर ते म्हणाले, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

त्यांचा कलादिग्दर्शक मध्ये पडला. साधा, कामसू माणूस होता. त्याने भिंतीवर नख घासून बघितलं आणि म्हणाला, "सर, होईल. उजवी बाजू मी दोन दिवसांत काळी करून देतो. शेवाळ लावू, वेल खोटी चढवू. शूटिंग संपलं की धुऊन पुन्हा पिवळा मारून देऊ. बाईंचं काही नुकसान नाही."

माझ्या जिवात जीव आला. नाबरांच्याही आला असावा. ते पायरीपाशी गेले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बाई, फक्त उजवी बाजू. काही दिवस पूर्वीसारखी करू. मग आहेच तुमचा पिवळा."

"पूर्वीसारखी?" आई म्हणाली.

"अगदी तंतोतंत. माझ्याकडे फोटो आहेत."

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसलं असणार. मी लपवायचा प्रयत्नही केला नव्हता. मुंबई, कलाविभाग, सगळं तिथे लिहिलेलं होतं. मला वाटलं, आता हो म्हणणार. माझ्यासाठी ती नेहमीच हो म्हणत आली होती.

"नाही, साहेब," ती म्हणाली.

"बाई, हे नुसतं वरवरचं आहे. धुतलं की जाईल."

"तुमचं जाईल. माझं ते जायला किती वर्षं लागली ते तुम्हाला माहीत नाही. परत नाही मी करणार. खेळातसुद्धा नाही." मग तिने पदर सारखा केला आणि मेट्रनच्या आवाजात म्हणाली, "तुमची सगळी माणसं लांबून आली आहेत. जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. पुलाव आहे, मटण आहे, ज्यांना चालत नाही त्यांना वांग्याची भाजी आहे. एलिया, हात धुवायला पाणी दे सगळ्यांना."

आणि खरोखरच, आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल अशा दिगंबर नाबरांनी आमच्या व्हरांड्यात बसून पुलाव खाल्ला. दोनदा वाढून घेतला. कलादिग्दर्शकाने तीनदा घेतला. जेवण झाल्यावर गायक मंडळींनी, एवढ्या तालमी फुकट जाऊ नयेत म्हणून, अंगणात दफनविधीचं एक गीत म्हटलं. युनिटच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ट्रक वळले आणि घाट उतरून गेले. कलाविभागाचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

"परमेश्वराने सोडवलं," पाळकसाहेब निघताना आईला म्हणाले. ते अगदी रडवेले झाले होते.

पुढे वर्षभराने 'राखेची खोली' आला. त्याआधी महिनोन्महिने वर्तमानपत्रांत त्याच्याच गप्पा होत्या. नाबरांनी मुंबईत बंगल्याचा सबंध सेट उभारला, तो बघून कामगारच घाबरले, अमुक बाईंनी त्यात जन्मभराची भूमिका केली. मी सगळं वाचत होतो. वाट बघायची सवय अशी सहजासहजी जात नाही. साताऱ्याला लागल्याचं कळल्यावर मी एका शनिवारी दुपारच्या खेळाला निघालो, तर आई छत्री घेऊन दारात उभी.

"मीही येणार," ती म्हणाली. "आपलं घर नसलं म्हणून काय झालं?"

थिएटर भरलेलं होतं. दिवे गेले, पडदा उजळला, आणि समोर आमचं घर. अर्धं पांढरं, अर्धं काळं, मधली कडसुद्धा तशीच वाकडी. माझ्या अंगावर काटा आला. त्या घरात एक बाई, उभ्या-उभ्या वाळलेली, कुणाशी न बोलणारी. गावातून एक तरुण येतो, तिला विचारतो, की घर अर्धंच का रंगवलंय? ती वळते. पडद्यावर नुसता तिचा चेहरा. मग ती म्हणते, "राहून गेलं."

सबंध थिएटरने एकदम श्वास घेतला. मागच्या रांगेत कुणीतरी किंचाळलं. मी हळूच शेजारी बघितलं. आई एकटक पडद्याकडे बघत होती. शेंगांची पुडी मांडीवर तशीच होती.

"बिस्किटं दिली नाहीत तिने," ती माझ्या कानाशी म्हणाली.

 सिनेमा फार चांगला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. नाबरांनी त्याहून चांगलं काही केलं नाही, असं आजही जाणकार म्हणतात आणि मीही म्हणतो.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं. आई बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेली. बराच वेळ येईना, म्हणून मी त्या बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तिथेच कॉलेजच्या पाच-सहा मुलींचा घोळका अडला होता. शेवटच्या प्रसंगात अशाच बोळातून ती बाई येते, म्हणून एकीचंही पाऊल पुढे पडत नव्हतं. एक तर रडायच्या बेतात होती. आईने तिचा हात धरला होता.

"चला, मी येते बरोबर. वसतिगृहात असताना रात्री-बेरात्री किती मुलींना नेलंय मी."

"काकू, तुम्हाला नाही भीती वाटली?" त्या मुलीने विचारलं. "ती बाई अशी समोर येऊन उभी राहिली तर?"

"उभी कशाला ठेवायची?" आई म्हणाली. "आत बोलवावं, बसायला खुर्ची द्यावी, चहा टाकावा. बसेल थोडी. मग जाते ती आपणहून."

मुली हसल्या. रडवेली मुलगीही हसली. मग त्या सगळ्या जणी, आईला पुढे घालून, बोळात शिरल्या.